अ‍ॅटवॉटर प्रेअरी चिकन: दरवर्षी शेकडो पक्षी सोडूनही संख्या का वाढत नाही?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ह्यूस्टनजवळच्या केटीला राहता. मुलांना घेऊन ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेलात, तेव्हा तिथे अ‍ॅटवॉटर प्रेअरी चिकनची पिल्लं वाढवून टेक्ससच्या गवताळ प्रदेशात सोडतात असं वाचलंत. घरी येऊन शोधलंत तर कळलं की हे 1990च्या दशकापासून चालू आहे, दरवर्षी शेकडो पक्षी सोडले जातात आणि तरीही रानातली संख्या बहुतेक वर्षी शे-दीडशेच्या आतच घोटाळते. मग हा पैसा आणि हे कष्ट वाया जातायत का? आणि राजस्थानात माळढोकाची पिल्लं वाढवायला सुरुवात झाली आहे, त्याचंही असंच होणार का?

मी टेक्ससच्या किनारी प्रेअरीवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या गवताळ मैदानांवर, अधिवास सुधारण्याचं काम करते. त्याआधी सोलापूर-नगरकडच्या माळरानांवर काम केलं आहे. त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत. उत्तर लांब होणार आहे, कारण "हो" किंवा "नाही" म्हणून भागण्यासारखं ते नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. पक्षी सोडून संख्या वाढते, ही अपेक्षाच मुळात चुकीच्या जागी आहे. सोडलेल्या पक्ष्यांमुळे जात आज जिवंत राहते. संख्या वाढते ती रानातल्या मादीची स्वतःची पिल्लं रानात जगतात तेव्हाच. अ‍ॅटवॉटरच्या बाबतीत अडलं आहे ते इथे, आणि त्यातही पिल्लाच्या आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. बाकीचं सगळं मी याच मुद्द्याच्या आधाराने सांगणार आहे.

पक्ष्याबद्दल थोडं. हा ग्राउझ कुळातला, गावठी कोंबडीच्या अंगलटीचा, वजनाने किलोच्या आतला, अंगभर तपकिरी-पिवळसर आडवे पट्टे असलेला पक्षी. ग्रेटर प्रेअरी चिकन नावाच्या जातीची ही दक्षिणेकडची उपजात. नेब्रास्का-कॅन्ससच्या गवताळ प्रदेशात त्या जातीचे पक्षी अजून बऱ्यापैकी आहेत, तिथे त्यांची परवान्याने शिकारही होते. अ‍ॅटवॉटर मात्र टेक्सस आणि लुइझियानाच्या किनाऱ्यालगतच्या प्रेअरीतच होता. सुमारे 60 लाख एकर गवताळ जमीन आणि त्यावर दहा लाखांपर्यंत पक्षी, असा जुन्या काळाचा अंदाज सांगतात. लुइझियानातून तो 1919पर्यंत नाहीसा झाला. 1937मध्ये टेक्ससमध्ये साधारण 8,700 उरले होते. 1967मध्ये तो संकटग्रस्त यादीत गेला, 1972मध्ये ईगल लेक गावाजवळ त्याच्या नावाचं राष्ट्रीय अभयारण्य झालं आणि 1996मध्ये रानात फक्त 42 पक्षी मोजले गेले. या 42मुळे तुमच्या प्रश्नाकडे बघण्याची दिशाच बदलते. पिंजऱ्यात पैदास करण्याचं काम 1992मध्ये ग्लेन रोझजवळच्या फॉसिल रिम केंद्रात सुरू झालं नसतं आणि पुढे ह्यूस्टनसारखी प्राणिसंग्रहालयं त्यात आली नसती, तर तुम्ही हा प्रश्न एका नामशेष पक्ष्याबद्दल विचारत असता. तेव्हा "वाया गेलं का" याचं पहिलं उत्तर ठामपणे "नाही" असं आहे.

आता, रानात नेमकं होतं काय?

हिवाळा सरता सरता नर उघड्या, आखूड गवताच्या जागी जमतात. मानेच्या बाजूची पिसं शिंगांसारखी उभारतात, केशरी-पिवळ्या पिशव्या फुगवतात, पाय भराभर आपटतात आणि एक खोल घुमणारा आवाज काढतात. वारा पडलेला असेल तर तो पहाटे खूप लांबवर येतो. माद्या येतात, बघतात आणि बहुतेक जणी एक-दोन नरांचीच निवड करतात. फोटो काढायला लोक येतात ते यासाठी. पण या जागेवर पक्ष्याचं नशीब ठरत नाही, म्हणून मी त्यावर जास्त थांबत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा: नाचायला आखूड गवत लागतं आणि तिथून साधारण मैल-दोन मैलांच्या आत मादीला घरट्यासाठी उंच, गुडघाभर, झुबकेदार गवत लागतं. दोन्ही जवळजवळ हवीत.

मादी जमिनीवर, ब्लूस्टेमसारख्या गवताच्या बुंध्याशी साधारण डझनभर अंडी घालते आणि पंचवीस-सव्वीस दिवस उबवते. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की काही तासांतच चालायला लागतात आणि आईच्या मागे निघतात. आई त्यांना भरवत नाही. ती फक्त योग्य जागी नेते, ऊब देते, धोका दिसला की इशारा देते. खाणं त्यांनी स्वतः टिपायचं. आणि त्या वयात ती बी खाऊ शकत नाहीत, पाला पचवू शकत नाहीत. त्यांना लागतात किडे: छोटे नाकतोडे, अळ्या, तुडतुडे, भुंगेरे. तेही भरपूर, दिवसभर आणि पिल्लाच्या उंचीवर. अंगठ्याएवढ्या पिल्लाला किड्यांमागे फार वणवण करायला लागली, तर खाल्लेल्यापेक्षा जास्त ताकद खर्च होते, भिजलं तर ते गारठतं आणि आई ऊब द्यायला बसली की खाण्याचा वेळ जातो. भूक, गारठा आणि शिकारी ही तीन वेगळी कारणं अहवालात वेगळ्या रकान्यांत येतात, पण माझ्या अनुभवात ती एकाच साखळीतली असतात. उपाशी पिल्लू जास्त फिरतं, जास्त आवाज करतं आणि म्हणून जास्त सापडतं.

याचा हिशेब साधा मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते धरा. या पक्ष्याचं आयुष्य कमी असतं, निम्मे मोठे पक्षी वर्षभरात मरतात असं धरू. शंभर पक्ष्यांत पन्नास माद्या. त्यांतल्या वीस जणींची घरटी यशस्वी झाली, बाकीची साप, रॅकून, स्कंक, कोयोटी किंवा पावसाने गेली. संख्या नुसती टिकवायची तर या वीस माद्यांची मिळून पन्नास पिल्लं पुढच्या वसंतापर्यंत जगायला हवीत, म्हणजे प्रत्येकीची अडीच. हिवाळ्यात ससाणे-घुबडं काही नेणारच, त्यामुळे उन्हाळा संपताना प्रत्येकीसोबत चार-पाच पिल्लं तरी दिसायला हवीत. बारा अंड्यांतून चार-पाच म्हणजे अवघड वाटत नाही ना? पण अभयारण्यात कित्येक वर्षं असं व्हायचं की माद्या घरटी करायच्या, अंडी उबायची, पिल्लं निघायची आणि दोन आठवड्यांत आईसोबत एकही उरायचं नाही. सगळी पिल्लं एकदम जायची.

ही गोष्ट सगळ्यांना बराच काळ चक्रावत होती. कारण कॅन्सस-नेब्रास्कातल्या त्याच जातीच्या माद्या आपली पिल्लं वाढवत होत्या. मग शंका आली की पिंजऱ्यात जन्मलेल्या मादीला आईपण जमत नसेल. कुणाला वाटलं रक्तसंबंध जवळचे झाल्यामुळे पिल्लं कमजोर असतील. इलिनॉयमध्ये ग्रेटर प्रेअरी चिकनची एकाकी पडलेली संख्या खरोखर अशी खंगली होती. तिथे अंडी उबण्याचं प्रमाण घसरलं, आणि 1992पासून मिनेसोटा, कॅन्सस, नेब्रास्कातून पक्षी आणून सोडल्यावर ते पुन्हा वर आलं. तेव्हा शंका निराधार नव्हती. पण अ‍ॅटवॉटरच्या माद्यांची अंडी बऱ्यापैकी उबत होती. गाडं त्यानंतर अडत होतं.

उत्तराचा मोठा भाग निघाला फायर अँटमध्ये. तुमच्या अंगणातल्या गवतात ज्यांचे मातीचे ढीग दिसतात आणि ज्या चावल्या की पांढरे फोड येतात, त्याच या मुंग्या. त्या मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. 1930च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरात उतरल्या आणि पुढे टेक्ससभर पसरल्या. त्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लावर तुटून पडतात हे माहीत होतंच. पण त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मुंग्या जमिनीवरचे बाकीचे किडे फस्त करतात, त्यामुळे पिल्लांच्या वाट्याचं अन्नच उरत नाही. अभयारण्याच्या जीवशास्त्रज्ञांनी काही पट्ट्यांत मुंग्यांवर आमिषाचं औषध टाकलं, काही पट्टे तसेच ठेवले आणि दोन्हीकडच्या माद्यांना रेडिओ लावून पिल्लांचा माग ठेवला. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषध टाकलेल्या भागात किडे जास्त निघाले आणि तिथल्या मादीची पिल्लं पहिले दोन आठवडे तगण्याची शक्यता स्पष्टपणे वाढलेली दिसली. तेव्हापासून हजारो एकरांवर आमिष टाकणं हा कामाचा नेहमीचा भाग झाला.

हे कायमचं औषध नाही. आजूबाजूच्या जमिनीवरून मुंग्या परत येतात, म्हणून काही काळाने पुन्हा टाकावं लागतं. शिवाय खर्चिक आहे, आणि आमिष स्थानिक मुंग्याही खातात, त्यामुळे कुठे आणि कधी टाकायचं याचा विचार करावा लागतो. पण पिल्लं का मरतात याचं खात्रीलायक कारण हाती आलं आणि त्यावर करता येण्यासारखं काही सापडलं, याचं मोल फार मोठं आहे.

दरम्यानच्या काळात माणसांनी काय केलं तेही सांगते, कारण त्यावरून पहिले दोन आठवडे किती नाजूक असतात ते कळेल. घरटं सापडलं की भोवती जाळीचं कुंपण घालायचं. पिल्लं निघाली की मादीला पिल्लांसकट गवतातच ठेवलेल्या पेटीत घ्यायचं आणि कर्मचारी व स्वयंसेवकांनी जाळी फिरवून किडे गोळा करून आणून द्यायचे. उन्हात जाळी झोडपून किडे पकडणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळतं. एवढे कष्ट करून जी पिल्लं वाचली ती वाचली, पण असं पिढ्यान्‌पिढ्या करत राहता येत नाही. जमिनीनेच किडे दिले पाहिजेत.

म्हणून माझं रोजचं काम पक्ष्याशी कमी आणि गवताशी जास्त आहे. किडे कुठे वाढतात? निव्वळ दाट गवतात नाही. गवताच्या अधूनमधून रुंद पानांच्या, फुलं येणाऱ्या वनस्पती असाव्या लागतात. खाली जमीन थोडी मोकळी हवी, म्हणजे पिल्लाला चालता येईल. वर पानांचं छत हवं, म्हणजे ससाण्याला ते दिसणार नाही. जुन्या वाळक्या गवताचा थर साचला की पिल्लू त्यात अडकतं. हा थर काढण्याचे दोन रस्ते आहेत: नियंत्रित आग आणि गुरं. पूर्वी वीज पडून किंवा तिथल्या मूळ रहिवाशांनी लावून आगी लागायच्या आणि बायसन चरून पुढे जायचे. आता आम्ही शक्यतो हिवाळ्यात, वाऱ्याचा अंदाज घेऊन तुकड्यातुकड्याने जाळतो आणि पशुपालकांची गुरं ठरावीक काळ फिरवतो. सगळं एकदम जाळलं तर घरट्याला आडोसा राहत नाही. काहीच जाळलं नाही तर झुडपं आणि चिनी टॅलोची झाडं शिरतात. झाड आलं की त्यावर ससाणा आणि शृंगी घुबड बसतं, आणि प्रेअरी चिकन त्या भागाकडे फिरकेनासा होतो. आपल्याला सवय असते की झाडं लावली म्हणजे निसर्ग वाचला. गवताळ प्रदेशात झाड तोडणं हेच बऱ्याचदा संवर्धनाचं काम असतं, हे लोकांना समजावताना आजही माझा घसा कोरडा पडतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे पाऊस. किनारी प्रेअरीची जमीन सपाट आणि चिकण मातीची, पाणी उतरायला जागा नाही. एप्रिल-मेमध्ये जोरदार पाऊस झाला की घरटी आणि पिल्लं बुडतात. ऑगस्ट 2017मध्ये हार्वी वादळ आलं, काही ठिकाणी चार-पाच दिवसांत मीटरभराहून जास्त पाऊस पडला आणि आधीच्या वर्षीच्या पुराने खचलेली संख्या जेमतेम उरली. एवढ्या वर्षांची मेहनत आठवड्यात गेली असं तेव्हा वाटलं होतं. आणि तरी पिंजऱ्यातला साठा होता म्हणून पुन्हा पक्षी सोडता आले, पुढची काही वर्षं हवामानही बरं लाभलं आणि 2021च्या वसंतात गणती पावणेदोनशेच्या आसपास गेली. ती 1993नंतरची सर्वांत मोठी होती. म्हणजे एखाद्या वर्षाचा आकडा बघून "जिंकलो" किंवा "हरलो" म्हणणं दोन्ही चूक.

दुसरं, जमीन किती ठिकाणी आहे. या बाबतीत एक जुना धडा आहे. पूर्व किनाऱ्यावर याच जातीची हीथ हेन नावाची उपजात होती. शेवटी ती मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरली. 1908मध्ये तिथे राखीव क्षेत्र केलं, संख्या वाढून दोन हजारांच्या आसपास गेली आणि 1916मध्ये घरट्यांच्या हंगामात बेटावर मोठा वणवा पेटला. मग कडक हिवाळा, शिकारी पक्षी, रोग असं एकामागून एक आलं. शेवटचा नर 1932मध्ये दिसला, त्यानंतर कुणालाच नाही. म्हणून अ‍ॅटवॉटरला एकट्या ईगल लेकवर ठेवणं परवडणार नाही. गोलियाड परिसरातल्या खासगी कुरणांवर पक्षी सोडले जातात ते यासाठी.

आणि इथे तिसरी गोष्ट येते. टेक्ससमध्ये बहुतेक सगळी जमीन खासगी आहे. अभयारण्य दहा हजार एकरांच्या थोडं वर. स्वतःच्या बळावर टिकणाऱ्या संख्येला एवढी जागा पुरत नाही. त्यामुळे पशुपालकाची खुशी असल्याशिवाय हा पक्षी वाचणार नाही. संकटग्रस्त पक्षी आपल्या जमिनीवर आला तर सरकार बंधनं आणेल, ही त्यांची भीती खरी होती. म्हणून करार असे केले जातात की मालकाने गवत सुधारलं आणि त्यामुळे पक्षी आले, तर त्याच्यावर नवी बंधनं येणार नाहीत. मी अनेक कुरणवाल्यांशी बोलले आहे. चांगलं गवत पक्ष्याला लागतं तसंच गुरांनाही लागतं, ही गोष्ट त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. दुष्काळाच्या वर्षी मात्र गुरं कमी करणं कुणालाच सोपं नसतं, आणि तेव्हा त्यांच्यावर बोट दाखवणं मला पटत नाही.

सोडलेल्या पक्ष्यांबद्दल राहिलं. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला रानाची सवय नसते. त्याला आधी गवतातच उभारलेल्या जाळीत साधारण दोन आठवडे ठेवतात आणि मग दार उघडतात. तरीही पहिल्याच हिवाळ्यात बरेच जातात, मुख्यतः शिकारी पक्ष्यांमुळे. दर पिढीला पिंजऱ्यातच वाढलेले पक्षी जोडीला लावत गेलं तर नकळत पिंजऱ्याला सोयीचे पक्षी निवडले जाण्याचा धोका असतो. शिवाय एका विषाणूजन्य रोगाने सुरुवातीच्या काळात पिंजऱ्यातले पक्षी हैराण केले होते. म्हणून जोड्या वंशावळ बघून लावतात आणि साठा एकाच ठिकाणी न ठेवता अनेक केंद्रांत वाटून ठेवतात. ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयाने तर नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरच्या आवारातही या पक्ष्यांसाठी जागा केली होती.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पक्षी सोडणं म्हणजे वेळ मिळवणं, मिळालेल्या वेळात गवत, किडे आणि मुंग्या यांचं काम करायचं, आणि ते काम एकाहून जास्त ठिकाणी, खासगी जमिनीवर करायचं. यातलं शेवटचं सर्वांत हळू चालतं.

आता माळढोक. इथे मला सावध राहावं लागेल, कारण दोन्ही पक्षी गवताळ प्रदेशातले, दोघांचे नर उघड्यावर नाच करतात, दोघांची पिल्लं सुरुवातीला किड्यांवर जगतात, आणि तरी त्यांच्या जगण्याचा हिशेब उलटा आहे. प्रेअरी चिकन डझनभर अंडी घालतो आणि लवकर मरतो. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, वयात यायला काही वर्षं घेते आणि पुष्कळ जगते. त्यामुळे प्रेअरी चिकनमध्ये पिल्लाचे पहिले आठवडे निर्णायक ठरतात, तर माळढोकामध्ये मोठ्या पक्ष्याचं मरणं परवडत नाही. जैसलमेरकडे विजेच्या तारांवर आपटून मोठे पक्षी मरतात, म्हणून तारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पक्षी जड, समोरचं त्याला कमी दिसतं, आणि तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. तारा तशाच ठेवून पिल्लं सोडत राहिलो, तर तिथे तुमची भीती खरी ठरेल.

बाकी राजस्थानातलं काम मला आशादायक वाटतं. 2019मध्ये रानातली अंडी गोळा करून सुरुवात झाली आणि 2024मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पक्षी पुरते संपण्याआधी साठा तयार होतो आहे, हे महत्त्वाचं. मला काळजी आहे ती आपल्या महाराष्ट्राची. नान्नजचं अभयारण्य 1979मध्ये झालं, एके काळी तिथे माळढोक हमखास दिसायचा. आता एखादा दिसला तरी बातमी होते. उद्या राजस्थानातून जास्तीचे पक्षी मिळाले तरी सोलापुरात सोडायचे कुठे? पाणी आलं तिथे ऊस आला, माळ नांगरला गेला, किडे फवारणीत गेले. "पडीक" म्हणून नोंदलेल्या माळरानांवर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली. पक्षी पिंजऱ्यात वाढवणं हे पैसा आणि कौशल्याचं काम आहे, ते जमेल. माळ राखायला मात्र आज, पक्षी नसतानाच सुरुवात करावी लागेल. धनगरांची मेंढरं, शेतकऱ्यांची परवानगी, झाडं न लावण्याचा निर्णय, हे सगळं आधी बसवावं लागतं. टेक्ससचं काही उचलायचं असेल तर मी हेच उचलेन.

शेवटी, मुलांना पक्षी दाखवायचा असेल तर केटीहून ईगल लेक तासाभराच्या अंतरावर आहे. नाचाच्या जागा एरवी बंद असतात. वसंतात, बहुधा एप्रिलमध्ये, अभयारण्य लोकांसाठी पाहण्याचा कार्यक्रम ठेवतं. तारखा आधी विचारून घ्या आणि पहाटे अंधारातच पोहोचा. तिथे कर्मचाऱ्यांना यंदा किती पक्षी सोडले हे विचारू नका, ते कुठेही वाचायला मिळतं. रानात जन्मलेली किती पिल्लं शरद ऋतूपर्यंत आईसोबत दिसली, ते विचारा.